मुचलका म्हणजे मुक्तता नव्हे!



शहापूर किंवा मुरबाड येथील न्यायालयाच्या आवारात एक दृश्य वारंवार दिसते. आरोपीच्या नावाचा पुकारा होतो, गुन्हा शाबीत झाल्याचे न्यायाधीश सांगतात, आणि घरच्यांच्या काळजाचे पाणी होते. इतक्यात कारकून एक कागद पुढे करतो. आरोपी त्यावर सही करतो किंवा अंगठा उठवितो, जामीनदार आपली सही करतो, आणि मुलगा बाहेर येतो. आई त्याच्या तोंडावरून हात फिरविते, बाप म्हणतो, "सुटला एकदाचा!" मग चहा होतो, पेढे वाटले जातात, आणि तो कागद एस.टी.च्या तिकिटाबरोबर खिशात चुरगळून गावी जातो. पुढे त्याचे काय होते हे घरात कोणासही ठाऊक नसते.

"सुटला" ह्या एका शब्दाविरुद्ध आज आम्हांला लिहावयाचे आहे. गेली वीस वर्षे ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात वकिली करताना ह्या शब्दाने जितकी घरे पोळलेली पाहिली तितकी पोलिसांच्या काठीनेही पोळलेली पाहिली नाहीत. तुमचा मुलगा सुटलेला नाही. त्याची शिक्षा माफ झालेली नाही; ती सांगावयाची फक्त थांबली आहे. तो कागद म्हणजे त्याने न्यायालयाला दिलेले वचन आहे, आणि ते मोडले तर थांबलेली शिक्षा पुन्हा चालू लागते.

प्रथम कायदा समजून घ्या. मुंबई प्रांताने १९३८ साली आणि पुढे भारताच्या संसदेने १९५८ साली अपराध्यांच्या परिविक्षेचा कायदा केला. परिविक्षा म्हणजे ज्याला न्यायालयात आपण सर्व जण 'प्रोबेशन' म्हणतो तेच. फाशी किंवा जन्मठेप ज्याला सांगितलेली नाही असा गुन्हा शाबीत झाला, तर अपराध्याचे वय, स्वभाव आणि गुन्ह्याची परिस्थिती पाहून न्यायालय त्याला तुरुंगात न पाठविता चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सोडू शकते. हे ह्या कायद्याचे कलम ४ होय. मुचलक्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांची. ह्या मुदतीत शांतता राखावयाची, वर्तन चांगले ठेवावयाचे, आणि न्यायालय बोलावील तेव्हा शिक्षा ऐकून घेण्यास हजर व्हावयाचे. न्यायालयास योग्य वाटल्यास ते परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवते. ती एक वर्षाहून कमी असू शकत नाही. देखरेखीच्या हुकमासोबत कोठे राहावे, मादक पदार्थांपासून दूर राहावे अशा अटीही मुचलक्यात घालता येतात. अपराधी २१ वर्षांच्या आतील असेल तर कलम ६ प्रमाणे त्याला तुरुंगात पाठविणे हा अपवाद ठरतो, आणि तसे करावयाचे तर न्यायालयास कारणे लिहून ठेवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य ह्या खटल्यात १६ वर्षांच्या मुलाला ह्याच कलमाचा लाभ दिला. तरुणाला सराईत गुन्हेगारांच्या संगतीत न ढकलता सुधारण्याची संधी द्यावी, हा ह्या कायद्याचा गाभा आहे.

ही संधी देण्याची कल्पना तुम्हांला परकी वाटावयाचे कारण नाही. अंगुलिमालाची कथा तुमच्या विहारात सांगितली जाते. राजा प्रसेनजित सैन्य घेऊन ज्याला पकडावयास निघाला होता, तो त्याला भगवंतांजवळ चीवर धारण करून बसलेला दिसला. परंतु कथेचा पुढचा भाग आपण सांगत नाही. अंगुलिमाल भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगडांनी रक्तबंबाळ केले, आणि ते सोसून त्याने आपले व्रत पाळले. संधी मिळणे हा कथेचा अर्धाच भाग. ती सांभाळणे हा उरलेला अर्धा. आमच्या घरांतून पहिल्या अर्ध्याचे पेढे वाटले जातात आणि दुसरा अर्धा विसरला जातो.

आता एका तरुणाची हकीकत ऐका. नाव-गाव सांगत नाही. तो किन्हवलीच्या पलीकडील एका वस्तीतला. ज्या शहापूर तालुक्यातील भातसा आणि तानसा मुंबईची तहान भागवितात, त्याच तालुक्यात मे महिन्यात बाया-माणसे हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात, हे तुम्ही जाणता. अशाच एका विहिरीवर भांडण झाले, हातघाई झाली, आणि ह्या पोराच्या हातून एकाच्या डोक्यात काठी बसली. खटला चालला, गुन्हा शाबीत झाला. वय २०, पूर्वीचा गुन्हा नाही. न्यायालयाने दोन वर्षांच्या मुचलक्यावर आणि देखरेखीवर त्याला सोडले. घरी नेहमीप्रमाणे पेढे वाटले गेले. आठव्या महिन्यात तो भिवंडीच्या गोदामात हमालीला गेला. पोट भरावयास जाणे हा काही अपराध नव्हे! परंतु मुचलक्यात गावचा पत्ता होता, तेथेच राहण्याची अट होती, आणि पत्ता बदलल्याचे त्याने कोणासही कळविले नाही. अधिकाऱ्याच्या भेटीच्या तारखा चुकल्या. अहवाल न्यायालयात गेला, समन्स गावी आले, घरी कोणी नाही म्हणून परत गेले, आणि मग वॉरंट निघाले. सणाला घरी आलेल्या पोराला पोलिसांनी रात्री उचलले.

बापाने काय केले? तो न्यायालयाच्या आवारात घुटमळणाऱ्या एका 'माणसा'कडे गेला. ह्या माणसाला ना सनद, ना काळा कोट. त्याची सर्वांशी ओळख मात्र असते. त्याने वीस हजार मागितले. बापाने बायकोच्या कानांतले मोडले, उरलेले व्याजाने काढले आणि दिले. आठ दिवस पोरगा कोठडीत राहिला, कारण जामिनाचा साधा अर्जसुद्धा कोणी केला नव्हता. नवव्या दिवशी ते कुटुंब आमच्याकडे आले. आम्ही त्यांना तालुका विधी सेवा समितीकडे पाठविले, त्यांना वकील मिळाला, अर्ज झाला, सुनावणी झाली, गोदामाच्या मुकादमाचे पत्र दाखल झाले. न्यायालयाने काय केले, ठाऊक आहे? पहिलीच चूक म्हणून ५० रुपये दंड केला आणि मुचलका पुढे चालू ठेवला!

होय, पन्नास रुपये. कायद्याच्या कलम ९ मध्येच हे लिहिलेले आहे. अट मोडल्याचे मानावयास न्यायालयास कारण दिसले तर ते समन्स किंवा वॉरंट काढते. माणूस समोर आला म्हणजे सुनावणी पुरी होईपर्यंत त्याला कोठडीत ठेवते किंवा जामिनावर सोडते. आणि बाजू ऐकून घेतल्यानंतर अट मोडली अशी खात्री झाली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सांगते, किंवा चूक पहिलीच असेल तर ५० रुपयांपर्यंत दंड करून मुचलका चालू ठेवते. तो दंड ठरलेल्या मुदतीत भरला नाही तर पुन्हा मूळ शिक्षेचा दरवाजा उघडतो. जेथे कायदा पन्नास रुपये म्हणतो, तेथे आमच्या माणसाने दलालाला वीस हजार दिले! बंधूंनो, ह्या लुटीला कोणता कायदा जबाबदार आहे? ही लूट आमच्या अज्ञानाने आम्हीच मांडून ठेवलेली आहे.

परंतु पन्नास रुपयांत भागते अशा भ्रमातही राहू नका. 'किंवा' हा शब्द न्यायाधीशाच्या हातातील आहे. मुरबाड तालुक्यातील एका गृहस्थाने मुचलक्याच्या मुदतीत हातभट्टीची पिऊन शेजाऱ्याच्या दारात धिंगाणा घातला. चूक पहिलीच होती. परंतु न्यायालयापुढे तो वकिलाशिवाय उभा राहिला, विचारले तेव्हा "चुकलो साहेब" एवढेच म्हणाला, आणि मूळ गुन्ह्याची सहा महिन्यांची शिक्षा घेऊन आत गेला. त्याच्या घरी आजारी आई होती, मागील चौदा महिने त्याचे वर्तन निर्दोष होते, हे न्यायालयास कोण सांगणार? ज्याच्या वतीने कोणी बोलत नाही त्याची परिस्थिती निकालात येत नाही.

आता परिणामांची मोजणी करा. पहिला परिणाम तुरुंगाचा. दुसरा परिणाम जामीनदारावर. मुचलक्याची रक्कम सरकारजमा करण्याची कारवाई त्याच्यावर होऊ शकते, आणि ज्या चुलत्याने सातबारा घेऊन तुमच्यासाठी सही केली तो पुन्हा तुमच्या दारात पाय ठेवीत नाही. तिसरा परिणाम कोणी सांगत नाही म्हणून नीट वाचा. कलम १२ असे सांगते की, परिविक्षेवर सुटलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. परंतु त्याच कलमाच्या शेवटी म्हटले आहे की, मागाहून मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली तर हे संरक्षण संपते. म्हणजे एका चुकलेल्या तारखेने मुलगा आत जातो आणि त्याची ही ढालही जाते. शिवाय ही ढाल आधीच फार मोठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली भारत सरकार विरुद्ध बक्षी राम ह्या खटल्यात स्पष्ट केले की, परिविक्षा मिळाली म्हणून दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि त्या वर्तनावरून नोकरीत खात्यामार्फत होणारी कारवाई टळत नाही. म्हणूनच "गुन्हा कबूल कर, प्रोबेशनवर लगेच सुटशील," असा सल्ला देणाऱ्यापासून सावध राहा. जो गुन्हा केलाच नाही तो घरी लवकर जाण्याच्या मोहाने कबूल करू नका. ज्या मुलाला शिकवून नोकरीला लावावयाचे आहे त्याच्या कपाळी खोटी कबुली लिहू नका.

आणखी एक घोटाळा दूर केला पाहिजे. आमच्या वस्त्यांतून सर्व कागदांना 'बाँड' असे एकच नाव आहे. परंतु कागद तीन प्रकारचे असतात. पहिला जामिनाचा: खटला चालू आहे, निकाल लागलेला नाही, तारखेला हजर राहावयाचे आहे. दुसरा प्रोबेशनचा: गुन्हा शाबीत झालेला आहे, शिक्षा थांबलेली आहे. तिसरा 'चॅप्टर केस'चा: कोणताही गुन्हा शाबीत झालेला नाही, परंतु शांतताभंगाचे भय आहे असे म्हणून पोलीस कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात. पूर्वी हे फौजदारी संहितेच्या कलम १०७ व ११० खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ व १२९ खाली होते. जयंतीच्या किंवा निवडणुकीच्या अगोदर अशा नोटिसा आल्या की आमचे कार्यकर्ते "काय होते सहीने?" म्हणून सही करून मोकळे होतात. काय होते ते ऐका. असा मुचलका मोडला तर त्याच्या उरलेल्या मुदतीसाठी तुरुंगात टाकता येते. तुमच्याविरुद्ध कोणती माहिती आहे ते नोटिशीच्या हुकमात लिहिलेले असलेच पाहिजे, आणि आरोप नाकारून चौकशी मागण्याचा तुम्हांला अधिकार आहे. तो अधिकार सही करण्यापूर्वी वापरावयाचा असतो.

आता जामीनदाराविषयी स्पष्ट बोलतो, कारण येथे आमच्या गुलामीची एक जुनी कडी नव्याने सांधली जात आहे. आमच्यात भूमिहीन पुष्कळ. सातबारा कोणाकडे? गावातील बड्याकडे. मग मुलगा अडकला की त्याच्या वाड्यावर जावयाचे, हात जोडावयाचे, आणि तो 'उदारपणे' जामीन राहावयाचा. पुढे दोन वर्षे त्याच्या शेतावर फुकट राबावयाचे, निवडणुकीत त्याच्या माणसाला मत द्यावयाचे, आणि मजुरी मागितली की, "जामीन काढून घेऊ काय?" हा प्रश्न ऐकावयाचा. ही वेठबिगार नव्हे तर काय? ज्यांनी गावकीची कामे टाकून देऊन ताठ मानेने जगावयाचे ठरविले, त्यांनी एका सहीसाठी पुन्हा वाकावे? कायदा वाचा. कलम ४ म्हणते, मुचलका जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय. अपराध्याचे कायमचे राहण्याचे ठिकाण किंवा नियमित काम असले म्हणजे केवळ जातमुचलक्यावरही न्यायालय सोडू शकते. ते सोडीलच असे नाही. परंतु मागितलेच नाही तर मिळणार कसे? तुमच्या वकिलाला हे मागावयास सांगा.

सरकारलाही आम्ही दोषमुक्त करीत नाही. देखरेखीचा हुकूम करताना त्याच्या अटी अपराध्याला समजावून सांगाव्यात, आणि हुकमाची प्रत अपराध्याला, जामीनदाराला व अधिकाऱ्याला तत्काळ द्यावी, अशी कायद्याची आज्ञा आहे. समजावून सांगणे म्हणजे दुपारच्या गर्दीत "समजले ना? हो म्हण," असे म्हणणे नव्हे. परिविक्षा अधिकाऱ्याने नुसती हजेरी घ्यावी असेही कायदा म्हणत नाही. देखरेखीखालील माणसाला सल्ला द्यावा, मदत करावी, आणि गरज पडल्यास योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करावा, हे त्याचे कर्तव्य कलम १४ मध्ये लिहिले आहे. कसाऱ्याहून ठाण्याला लोकलने जाण्यात मजुराचा दिवस बुडतो. मुरबाडला तर रेल्वेच नाही, एस.टी.ने कल्याण गाठावे लागते. टोकावड्याच्या किंवा डोळखांबच्या आतील पाड्यावरच्या माणसाने एका भेटीसाठी मजुरी बुडवावी, आणि न बुडविली तर तुरुंगात जावे, ही सुधारणा म्हणावयाची की थट्टा? अधिकाऱ्याने ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी बसावे, ही मागणी आम्ही आपल्या संघटनांमार्फत लावून धरली पाहिजे. परंतु ती मान्य होईपर्यंत आपला मुलगा आपणच सांभाळावयाचा आहे.

आता वकिलाच्या मदतीविषयी. येथे आमच्या लोकांच्या तोंडून तीन आक्षेप येतात. एकेक घेऊ.

पहिला आक्षेप: "फुकटचा वकील घेणे ही भीक आहे." हे बोलणाऱ्याचा स्वाभिमान आम्हांला आवडतो, परंतु त्याचे अज्ञान आवडत नाही. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे, आणि त्याचा मसुदा १९४९ च्या सप्टेंबरात संविधान सभेत स्वतः बाबासाहेबांनी मांडला होता. गरिबीमुळे कोणी न्यायाला मुकू नये म्हणून राज्याने विनामूल्य विधी साहाय्य द्यावे, हा अनुच्छेद ३९-अ १९७६ च्या दुरुस्तीने आला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या आपल्याच राज्यातील खटल्यात कैद्याला अपिलासाठी विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क मान्य केला. १९८६ साली सुक दास खटल्यात तर असे ठरले की, आरोपीने वकील मागितला नाही म्हणून हक्क जात नाही. तो हक्क त्याला सांगणे हे न्यायालयाचेच कर्तव्य आहे. भीक मागावी लागते. हक्क बजावावा लागतो. दलालाच्या पायावर वीस हजार ओतणे हा स्वाभिमान, आणि संविधानाने दिलेला वकील घेणे ही लाचारी, हे कोणते तर्कशास्त्र?

दुसरा आक्षेप: "आम्ही बौद्ध झालो, आता आम्हांला हे मिळत नाही." साफ चूक! १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती ह्यांना विनामूल्य विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचाही त्यात समावेश केला. धम्म स्वीकारल्याने हा हक्क गेला असे सांगणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड आहे. जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवा म्हणजे हा वाद दारातच संपेल. आणि तुमचा माणूस कोठडीत असेल तर त्या एकाच कारणाने तो पात्र ठरतो.

तिसरा आक्षेप: "फुकटचा वकील लक्ष देत नाही." हा आक्षेप आम्ही झटकून टाकणार नाही. काही वकील आळशी असतात, नेमणुकीचे आणि पैसे घेणारेही. परंतु नेमलेला वकील काम करीत नसेल तर समितीकडे लेखी तक्रार करून दुसरा मागता येतो. त्याने पैसे मागितले तर तीही तक्रार करा. आणि स्वतःलाही विचारा: तुम्ही त्याला कागद दिले काय? पुरावा दिला काय? तारखेला हजर राहिलात काय? मुकादमाचे पत्र, दवाखान्याचा कागद, पाण्यात बुडालेल्या रस्त्याची साक्ष हे वकिलाच्या घरी उगवत नाही.

ह्या कायद्याची दुसरी बाजूही ध्यानात असू द्या. आमच्यावर अत्याचार करणारे जेव्हा शाबीत होतात, तेव्हा त्यांचे वकीलही तरुण वयाचे आणि चांगल्या घराण्याचे गोडवे गाऊन प्रोबेशन मागतात. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, त्या कायद्याखाली दोषी ठरलेल्या १८ वर्षांवरील इसमास प्रोबेशन मिळत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १६-अ प्रमाणे १४ वर्षांवरील इसमास मिळत नाही. फिर्यादी असाल तर हे आपल्या सरकारी वकिलाच्या कानी घाला. मात्र त्याच न्यायाने हेही ऐका: बायकोला मारणारा, दारू पिऊन वस्तीला छळणारा आपल्यातला आहे म्हणून त्याच्यावर पांघरूण घालण्यास आम्ही हा लेख लिहीत नाही. ज्याने पंचशील ग्रहण केले त्याने मद्यापासून दूर राहण्याचे वचन मुचलक्याच्याही आधी दिलेले आहे. न्यायालयाची ती अट त्याला जड वाटत असेल, तर मोडलेले वचन एक नसून दोन आहेत.

आता करावयाचे काय? मुचलका झाला त्याच दिवशी त्याची आणि हुकमाची प्रत घ्या, मराठीत मागा, आणि घरी मोठ्याने वाचा. कलम, मुदत संपण्याची तारीख, भेटीचे दिवस आणि प्रत्येक अट वहीत उतरवा. विहाराच्या चिटणीसाने एक वही राखावी, आणि ज्याची तारीख असेल त्याला आदल्या दिवशी आठवण द्यावी. वर्षावासाच्या कार्यक्रमाची आठवण देतो तशीच. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, भिवंडीच्या गोदामात किंवा कोठेही कामाला जावयाचे असेल तर जाण्यापूर्वी परिविक्षा अधिकाऱ्यास लेखी कळवा आणि पोच घ्या. त्याच्या अर्जावरून अटी बदलण्याचा, मुदत कमी करण्याचाही अधिकार कलम ८ ने न्यायालयास दिला आहे. तारीख चुकलीच तर लपू नका. वॉरंटाची वाट पाहू नका. समन्स परत पाठवू नका. कारणाच्या पुराव्यासह वकिलामार्फत आपणहून हजर व्हा. आपणहून आलेला माणूस आणि रात्री पकडून आणलेला माणूस ह्यांच्याकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही. दुसरा गुन्हा घडल्याचा आरोप आला तर दुप्पट सावध व्हा, कारण तो शाबीत झाल्यास जुनी शिक्षा आणि नवी शिक्षा अशा दोन्ही दारात उभ्या राहतात. ज्यांच्याशी भांडण आहे ते मुचलका मोडला जावा म्हणून डिवचतील. त्या वेळी हात न उचलणे हीच मर्दुमकी.

वकील हवा असल्यास शहापूर किंवा मुरबाडच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीत साधा अर्ज द्या. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. आणि रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले तर १५१०० हा देशभराचा विधी साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक घरातील भिंतीवर लिहून ठेवा. दलालाचा नंबर पोराला पाठ असतो. हा का नसावा?

त्या किन्हवलीकडच्या तरुणाची मुदत पुरी झाली. त्या दिवशी त्याच्या आईने पुन्हा पेढे आणले. आम्ही ते आनंदाने खाल्ले, कारण "सुटला" हा शब्द त्या दिवशी प्रथमच खरा होता. तुमच्या घरातील पेढेही त्या दिवसासाठी राखून ठेवा, आणि तोवर तो चुरगळलेला कागद खिशातून काढून, सरळ करून, घरच्या पेटीत जपून ठेवा. आज संध्याकाळी घरी गेल्यावर पहिले काम हेच करा.